तेरड्याची पाठवणी

अनुसूयाबाईंचं लग्न तेरड्यापायी राहिलं, असं बंगळुरातल्या बसवनगुडीतल्या बायका म्हणत, आणि ते अगदीच खोटं नव्हतं. महिला कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवणारी तिथली ही पहिलीच बाई. सुट्टी लागली की पदर खोचून आनेकलकडच्या खडकांवर चढायची. तिथेच तिला तो तेरडा दिसला. फूल इवलंसं, पांढरं, मागची शेपटी मात्र लांबलचक. कुठल्याच ग्रंथात त्याचा पत्ता नव्हता.

त्या काळी, म्हणजे अठ्ठावन्न सालच्या सुमारास, नव्या जातीचं वर्णन लॅटिनमध्ये लिहावं लागे. बाई ते घरात मोठ्याने म्हणून बघत, आणि त्यांची आई सावित्रीबाई लेक स्तोत्र म्हणतेय असं समजून हात जोडत. पण सगळं घोडं अडलं होतं फळापाशी. पिकलेलं फळ दाखवा, नाहीतर हा साधाच तेरडा, असं बड्या तज्ज्ञांनी ठणकावलं होतं. दोन वर्षं शेंगा शेळ्यांनी फस्त केल्या आणि तिसऱ्या वर्षी तो खडकच फोडला गेला. उरलं परसातल्या कुंडीतलं एकच रोप. त्याला शेंगा धरल्या होत्या, म्हणून बाई हवेत होत्या.

आणि नेमक्या गौरी आल्या. या घरात मुखवट्यांशेजारी मुळासकट तेरडा बसवायचा रिवाज, आणि त्या वर्षी बाजारात तेरडा मिळेना. बाई कॉलेजातून आल्या तर कुंडी रिकामी! रोप चौरंगावर, मुळं तांब्यातल्या पाण्यात, अंगावर हिरवा खण.

"आई, हे काय केलंस गे!"

"काय केलं? घरात तेरडा असताना बाजार कशाला हिंडू?"

"शेंगा पिकायच्या आहेत. दे ते रोप."

"स्थापना झाली की! आता विसर्जनापर्यंत हात लावायचा नाही."

बाईंना रडूच कोसळलं. कॉलेजातल्या मुली जिला चळाचळा कापत, ती बाई स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर बसून मुसमुसत होती. सावित्रीबाईंना वाईट वाटलं, पण रिवाज म्हणजे रिवाज.

तिसऱ्या दिवशी निरोपाची आरती झाली. सावित्रीबाईंनी हळदीकुंकवाचं बोट लावलं मात्र, एक शेंग टचकन फुटली आणि बिया थेट त्यांच्या गालावर आणि नैवेद्याच्या खिरीत उडाल्या.

"अगं बाई, गौर रागावली!"

"पिकली, आई, पिकली!" बाई खिरीतून बिया वेचत हसत सुटल्या. खाली आणखी शेंगा टचटचीत भरल्या होत्या. त्यांच्या जोरावर पुढे ती जात मान्य झाली. पण त्या घटकेला रोप विहिरीत सोडायचं होतं.

सावित्रीबाई रोपाकडे आणि लेकीकडे बघत राहिल्या.

"तुझ्यासंगं कॉलेजात ने या गौरीला," त्या म्हणाल्या. "पाण्यात सोडणार नाही मी. तुझी पाठवणी करायची हौस राहूनच गेली माझी. हिची तरी करते. सरी? चालेल ना?"

त्यांनी तेरड्याची ओटी भरली. मग क्षणभर थांबल्या. लग्न न झालेल्या मुलीची ओटी भरत नाहीत, हे त्यांना कुणी सांगायला नको होतं.

"पदर पुढं कर," त्या लेकीला म्हणाल्या.