आढीतला रोल

हरिहरच्या घरात पूर्ण अंधार होईल अशी खोली एकच, माजघरामागची, बिनखिडकीची. वर्षाचे दहा महिने तिथे हरिहर फिल्म धूत असे. चैत्र-वैशाखात तिथे गवत अंथरून आंब्यांची आढी लागे.

या वाटणीवरून भांडण नव्हतं, कारण भांडायला कुणाला वेळ नव्हता. हरिहर एका सरकारी कचेरीत हेडक्लार्क. एप्रिल उजाडून आठवडा झाला तरी कचेरीतला मार्च संपायला तयार नव्हता. पहाटे शिरगावच्या बागेत जाऊन आंबा उतरवून घ्यायचा, तिथून कचेरी, आणि संध्याकाळी पेट्यांना खिळे. मुंबईच्या नातेवाइकांना आंबा वेळेवर पोचला नाही तर ते पत्र लिहीत; वेळेवर पोचला तर आणखी मागायला स्वतः येत.

कॅमेरा मस्कतहून आलेल्या मेहुण्याने दिलेला. हरिहरच्या छंदाबद्दल गावात आदर होता, म्हणजे मुंजीला फुकट फोटो काढणारा माणूस म्हणून सगळे त्याला ओळखत. पण यंदा त्याच्याकडे खरोखरच एक फोटो होता. शिमग्यानंतर बायकोच्या, मालिनीच्या, मावशीकडे निरोप सांगायला तो पूर्णगडला गेला होता. किनाऱ्यावर रामा नावाचा म्हातारा जाळं सांधत बसलेला. मान वर केली तेव्हा जाळं डोक्यावरून घरंगळून तोंडावर आलं, आणि ते तसंच ठेवून म्हातारा आतून हसला. "काड, काड. म्होटा मासा घावला म्हून सांग!"

रोलमधली ती शेवटची फ्रेम. पुण्याच्या एका प्रदर्शनाला फोटो पाठवायची मुदत येत्या शुक्रवारी संपत होती. आयुष्यात एकदा आपला फोटो भिंतीवर, आणि तोही नातेवाइकांच्या नसलेल्या भिंतीवर लागावा, एवढीच हरिहरची महत्त्वाकांक्षा. रोल मात्र तीन आठवडे फडताळात पडून होता.

रविवारी दुपारी, जेवणं आटोपल्यावर, त्याने एकदाचं घोडं पुढे दामटलं.

"आत्ता?" मालिनी म्हणाली. "अहो, भिकाजी येईल इतक्यात करंड्या घेऊन. खोली अर्धी भरलीय."

"अर्धी पुरे मला."

"आंब्याला तुमच्या फिल्मच्या औषधाचा वास लागला तर विलेपार्ल्याच्या काकूंना तुम्ही तोंड द्या."

एवढ्यात भिकाजी आलाच. तो बागेचा राखणदार. डोक्यावरची करंडी उतरवून त्याने विचारलं, "भाऊनू, आंबं कुटं ठेवू? का आज आंब्याचंबी फोटू काढताव?"

"पडवीत ठेव," हरिहर म्हणाला आणि आत जाऊन त्याने दार ओढून घेतलं.

अंधारात चाचपत फिल्म डब्यात भरली, झाकण लावलं. आता उजेडाची भीती नव्हती, पण दिवा लावायला उठणार कोण? डेव्हलपरचं औषध ओतलं. नऊ मिनिटं मोजायची. औषधाचा हात लागू नये म्हणून घड्याळ बाहेर ठेवलेलं, तेव्हा मनातच आकडे. आढीजवळ ऊब होती, पिकत्या आंब्याचा गोड, जड वास होता, आणि गवताला पाठ टेकताच हरिहरला शिमग्यापासूनच्या सगळ्या पहाटा एकदम आठवल्या. दोनशे चाळीसपर्यंत आकडे नीट चालले. पुढे त्यांत कचेरीतल्या बेरजा मिसळल्या, आणि एक बेरीज काही केल्या जुळेना.

जाग आली तेव्हा दिवेलागण झाली होती.

उरलेले सोपस्कार त्याने रीतसर पार पाडले. नोकरीत मुरलेला माणूस होता. मग माजघरातल्या बल्बसमोर फिल्म धरली. चुलीच्या धुराड्यासारखी काळीकुट्ट, इकडून तिकडे. नऊ मिनिटांऐवजी दुपारभर डेव्हलपरमध्ये शिजून निघाली होती. शेवटच्या फ्रेममध्ये ना जाळं, ना म्हातारा.

"काय दिसतंय?" मालिनीने विचारलं.

"अमावास्या. हाक तरी मारायचीस."

"आले होते की दार उघडून. तोंड उघडं टाकून घोरत होतात. इतक्या दिवसांत तुमची पाठ दिवसा टेकलेली बघितली नव्हती. म्हटलं, राहू दे."

"फोटो पुण्याला जायचा होता गं."

मालिनीचा चेहरा पडला. "मग सांगून जायचं ना, इतक्या वेळाने उठव म्हणून! कुकरच्या शिट्ट्या मोजते मी, हे नसतं मोजलं?"

लग्नाला चौदा वर्षं झाली, पण हे त्याला कधी सुचलं नव्हतं. त्याने राग शोधून पाहिला. होता, पण त्याच्यासारखाच दमलेला. शिवाय अंग इतकं हलकं झालं होतं की त्याचीच लाज वाटली.

"पुढच्या रविवारी परत जा पूर्णगडला," ती म्हणाली.

"मुदत शुक्रवारी संपते."

"मग नका पाठवू पुण्याला. नुसते जाऊन या."

"आणि पेट्या?"

"मी आहे, भिकाजी आहे. खिळे काय तुम्हालाच मारता येतात?"

हरिहरने ती काळी, ओली फिल्म तशीच दोरीवर वाळत टाकली.

"पूर्णगडची सकाळची गाडी किती वाजता असते गं?"

मालिनी पडवीतली करंडी उचलायला वाकली होती. "ते नंतर. आधी हिला पलीकडून हात लावा."