आशूचे डोळे चांगले होते

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही — आणि ती तर या सगळ्यात माझ्या शेजारीच उभी होती. तुमची माझी ओळख नाही, म्हणून कदाचित बोलवेल. बघू. कितीदा मनात जुळवाजुळव केली, आणि प्रत्येक वेळी दुसरंच काहीतरी बोलून उठलो.

सोलापुरात नवी पेठेत एका कापडाच्या दुकानात मी कामाला होतो. आशू ही आमची एकुलती एक. शाळेला सुट्टी लागली की लांब कुठं जाणं आम्हाला जमायचं नाही, पण दुकान बंद असेल त्या दिवशी स्कूटर बाहेर काढायचो. पुढं आशू उभी, मागं बायको, तिच्या मांडीवर डबा. सिद्धेश्वर तलावाचा काठ, किल्ल्यातली बाग, नाहीतर हिप्परग्याचा तलाव. कडक भाकरी, शेंगाचटणी, दही. खरं सांगू? काही कमी आहे असं वाटायचंच नाही. आशूमुळं. तिला सगळं आधी दिसायचं. पाण्याबाहेर मान काढलेलं कासव, लिंबाच्या ढोलीतलं घुबड. “अप्पा, ते बघा!” — आणि मी आपला डोळे बारीक करून शोधत बसायचो. हे मुद्दाम सांगतोय. तिची नजर कशी होती ते तुम्हाला आधी कळलेलं बरं.

ती चौथीत होती. दिवाळीची सुट्टी, भाऊबीज. पुण्याहून माझा मेहुणा, विलासराव, स्वतःच्या गाडीतून मुलाला घेऊन आला होता. माणूस वाईट नाही, आजही म्हणेन. जेवता जेवता सहज बोलला, “दाजी, सोलापुरात पोरांना दाखवायला तसं काही नाहीच की हो.”

एवढंच. पण मला ते का लागावं? मी पटकन म्हणालो, “उद्या नान्नजला चला. माळढोक दाखवतो.”

माळढोक म्हणजे माळरानावरचा मोठा पक्षी. आमच्याकडं नान्नजला त्याचं अभयारण्य आहे, पण पक्षी फार दुर्मीळ. मी स्वतः कधी पाहिलेला नव्हता. आणि बोललो असं, जणू माझ्या दारात बांधलाय.

दुसऱ्या दिवशी सकाळी गेलो. तिथला राखणदार आधीच म्हणाला होता, “दिसंलच असं न्हाय बगा. लई लाजाळू पाखरू हाय.” मनोऱ्यावर चढून बसलो. समोर नुसतं पिवळं गवत. ऊन चढत गेलं. मेहुण्याचा मुलगा कंटाळून पाय आपटायला लागला. विलासराव मोबाइल बघायला लागला — ते बोलण्यापेक्षा वाईट. आणि मी हात लांब करून म्हणालो, “तो बघा! त्या बाभळीच्या अलीकडं. दिसला?”

तिथं एक खुंट होता. वाळलेला, तपकिरी. मला माहीत होतं खुंट आहे.

“हो हो,” विलासराव म्हणाला, “मान हलवली की त्यानं!” त्याचा मुलगा नाचायला लागला. बायकोनं तर हात जोडले. आशू मात्र कठड्याला धरून बघत होती. मग हळूच म्हणाली, “अप्पा, तो खुंट आहे.”

“नीट बघ.”

“बघितलं. खुंटच आहे. मामा, खरंच.”

तेव्हा मी — हेच सांगायला एवढा वेळ लावला — सगळ्यांची पाठ होती, तेव्हा मी तिच्या दंडाला चिमटा काढला. जोरात. हसत हसत. ती ओरडली नाही. माझ्याकडं वळून बघितलं फक्त. नऊ वर्षांच्या मुलीनं असं का गप्प राहावं? ओरडली असती तर बरं झालं असतं का? मला अजून ठरवता येत नाही.

परत येताना गाडीत सगळे माळढोकाबद्दल बोलत होते. विलासराव म्हणाला, “ताई, हिचे डोळे तपासून घे बरं का. एवढा मोठा पक्षी दिसला नाही पोरीला.”

बायकोनं ते मनावर घेतलं. दिवाळी सरल्यावर आशूला घेऊन डोळ्यांच्या डॉक्टरकडं मीच गेलो. शेवटची बारीक ओळ तिनं न अडखळता वाचली. डॉक्टर म्हणाले, “उत्तम नजर आहे. कशाला आणलंत?” ती तिथंच खुर्चीवर बसलेली होती. तिनं ऐकलं.

घरी बायको दारातच उभी. काय म्हणाले? — सांगायला काय लागत होतं? चार शब्द. माझ्या तोंडून निघालं, “लांबचं थोडं कमी दिसतं. चष्मा नको म्हणाले. गाजर, पालक द्या.”

बायकोनं आशूकडं बघितलं. आशूनं चपला काढून कोपऱ्यात ठेवल्या आणि म्हणाली, “हो आई. मला नीट दिसलाच नव्हता तो.”

तिनं मला वाचवलं. समजतंय ना तुम्हाला? ती सगळं ऐकून आली होती आणि तिनं बापाला वाचवलं. त्या क्षणी मला सुटल्यासारखं वाटलं. लाज नंतर वाटली. आधी सुटल्यासारखंच वाटलं.

मग ती गाजरं खात राहिली. बायकोनं शाळेत सांगून तिला पहिल्या बाकावर बसवलं, ती बसली. भाऊबीजेला दर वर्षी तिची चेष्टा व्हायची, तीही हसायची. सहली काही थांबल्या नाहीत. तलावावर गेलो की ती माझ्या शेजारी बसायची आणि विचारायची, “तुम्हाला काय दिसतंय अप्पा?” आधी मी सांगायचो. मग ती म्हणायची, “हो, मलाही.”

तिचं लग्न झालं, लातूरला दिलं. शाळेत शिकवत होती. फोन आला की वर्गातल्या पोरांचंच बोलायची, मला मध्ये बोलू द्यायची नाही. अलीकडं ते बोलणं बंद झालं होतं. या दिवाळीला दोघं आले. जेवताना बायकोनं विचारलं, नोकरी का सोडलीस गं? जावई म्हणाले, “तिलाच कंटाळा आला होता. हो की नाही?”

आशूनं त्यांच्याकडं बघितलं. आणि म्हणाली, “हो. मलाच नको होती.”

तो आवाज मी ओळखला. तसाच घाईचा, तसाच सपाट. ओळखणारा त्या घरात मी एकटाच होतो. आणि मी काय केलं? बायकोला म्हणालो, जावयांना आमटी वाढ.

निघताना स्टँडवर जावई पाण्याची बाटली आणायला गेले. आम्ही दोघंच होतो. तिनं विचारलं, “अप्पा, काही बोलायचंय का? कालपासून बघतेय.”

मी म्हणालो, “नाही गं. काही नाही.”

तिनं माझ्याकडं नीट बघितलं. मग मान हलवली.

“हो,” म्हणाली, “मलाच वाटलं असेल.”