हीटर न काढणारे मिस्त्री

लॉरी बंद पडली की मिस्त्री आधी चपला काढून बाजूला ठेवत. मग बॉनेट उघडून आत वाकत आणि कोणी मध्येच बोललं तर हात वर करून म्हणत, “थांबा रे! आधी तिचां म्हणणां आयकूया.”

बंद लॉरीचं म्हणणं काय असणार, ते देवाला ठाऊक. पण पाचेक मिनिटं ते मान हलवत ऐकत राहायचे, मधूनच “हां, हां” असं पुटपुटायचे. तुम्ही पाहिलं असतंत तर तुम्हालाही वाटलं असतं, की घरातल्या सुनेची गाऱ्हाणी ऐकणारा हा एखादा समजूतदार सासरा आहे.

दुसरी मोठी लढाई संपून सहा-सात वर्षं झाली होती. पवईजवळ एका खडीच्या खाणीवर मी हजेरी लिहायला होतो. माझ्या हातात टाक दिसायचा म्हणून मिस्त्री मला “मास्तरानू” म्हणत. ते मालवणकडचे. तरुणपणी बोटीच्या इंजिनावर होते, आणि खाणीची एकुलती एक जुनी डिझेल लॉरी ते बोटीच्याच इतमामाने वागवत.

लॉरी विलायती होती. कुठल्यातरी बर्फाच्या मुलखासाठी बनवलेली असावी, कारण ड्रायव्हरच्या पायापाशी तिला चक्क हीटर होता! इंजिनातलं गरम पाणी एका रबरी नळीने हीटरकडे जाई आणि दुसरीने परत येई. आता पवईत हीटर कशाला? पण त्या नळीचा हीटरकडचा जोड दर महिन्या-दीड महिन्याने गळायचा. पाणी कमी झालं, की इंजिन तापून वाफा सोडायचं आणि खडी रस्त्यातच अडकायची.

ड्रायव्हर शंकर वैतागून म्हणायचा, “मिस्त्री, काढून फेका ना तो हीटर! आम्ही काय काश्मीरला चाललोय?”

“मेल्या, बनवणाऱ्यान काय उगाच लावल्यान? काढणारो मी कोण?”

झालं. मग इंजिन थंड व्हायची वाट बघायची. पाणी डब्यात काढून घ्यायचं. नळीचं कडक झालेलं टोक कापायचं, जोडाचं तांब्याचं तोंड पॉलिश पेपरने देवाच्या उपकरण्यांसारखं लख्ख घासायचं आणि नळी पुन्हा चढवून वरून क्लिप आवळायची. अख्खी सकाळ जायची. खाणीवर सगळे म्हणत, यांना दुसरं काही येतच नाही. खरं सांगायचं तर मीही म्हणायचो.

एकदा पौषातल्या सकाळी असंच काम मांडलेलं होतं. लॉरीतलं पाणी काढलेलं, सुटे भाग गोणपाटावर. मिस्त्री जोड घासत होते. इतक्यात खाणीमागच्या झोपड्यांतून सुईण पळत आली. शंकरची बायको पारू पहाटेपासून अडली होती.

“मूल आडवं आहे,” सुईण म्हणाली. “माझ्या हातचं काम नाही. घाटकोपरला न्या, लगेच!”

मिस्त्रींनी घाईने नळी जोडावर रेटली आणि ती टोकापासून वीतभर उभी फाटली. कापून कापून आधीच आखूड झालेली, आता पुरेही ना. दुसरी नळी आणायची तर कुर्ल्याला जावं लागणार.

शंकर मटकन खाली बसला. “वाट लागली, मिस्त्री!”

मिस्त्री एक क्षण हीटरकडे बघत राहिले. त्यांनी फाटकी नळी उपटून फेकली. परतीची चांगली नळी हीटरवरून सोडवली, वळवली आणि तिचं मोकळं टोक थेट इंजिनाच्याच तोंडाला जोडून टाकलं. हीटर सुटा पडला आणि आता पाणी इंजिनातल्या इंजिनातच फिरणार होतं. सगळं मिळून दहा मिनिटांचं काम!

आम्ही बघतच राहिलो. म्हणजे यांना हे पहिल्यापासून येत होतं!

“माझ्या तोंडाकडे काय बघतास?” मिस्त्री ओरडले. “पाणी भरा! तिका उचला!”

पाण्याचा डबा घेऊन ते अनवाणीच फूटबोर्डवर उभे राहिले. घाटकोपरपर्यंत खड्डा आला, की आतल्या पारूला सांगायचे, “जरा धर गो बाये, दवाखानो इलाच.” आणि शंकरला शिव्या द्यायचे.

दोघी वाचल्या. मुलगी झाली.

पंधरा दिवसांनी पारूला घरी आणायचं ठरलं. आदल्या दिवशी पाहतो तर मिस्त्री नवी नळी घेऊन लॉरीखाली आडवे.

“आता कशाला हो?” शंकर जवळजवळ रडकुंडीला आला. “बरी चाललीय की!”

“पवईच्या तळ्यावरचो वारो गार आसा. ता पोर पंधरा दिसाचां.”

दुसऱ्या दिवशी लॉरी आली ती हीटर चालू ठेवूनच. शंकर घामाने न्हालेला. पारू मात्र लेकीला मांडीवर घेऊन सुखाने बसलेली. मिस्त्री मागे, खडीच्या हौद्यात, डोक्याला पंचा गुंडाळून कुडकुडत होते. आत जागा असूनही बाळंतिणीला अवघडल्यासारखं होईल म्हणून बसले नव्हते. उतरल्यावर त्यांनी उघड्या दारातून आत हात घातला. मला वाटलं, बाळाच्या डोक्यावरून फिरवतील. त्यांनी जोडाखाली बोट फिरवलं, कोरडं आहे हे पाहिलं आणि मगच बाळाकडे बघून हसले.

पुढच्या शिमग्याला ते आठ दिवसांची रजा सांगून गावी गेले. आठाचे चाळीस झाले. मग खाणीच्या पत्त्यावर माझ्या नावाने एक कार्ड आलं, अक्षर दुसऱ्याच कोणाचं. मिस्त्रींची नजर गेली होती. आता येणं होणार नाही. खाली लिहिलं होतं : “शंकरास सांगणे, नवी नळी मऊ असते, क्लिप फार आवळू नये. पोरीस आशीर्वाद.”

शंकरने ते माझ्याकडून दोनदा वाचून घेतलं. पेचकस घेऊन बाहेर गेला, लॉरीपाशी थांबला, आणि बॉनेट उघडण्याआधी त्याने चपला काढल्या असतील असं तुम्हाला वाटेल. तसं काही झालं नाही. तो तसाच आत वाकला, क्लिपचा स्क्रू अर्धा फेरा सैल केला आणि बराच वेळ वर आलाच नाही.