मी पाहिलेलं युद्ध

निवृत्तीनंतर माणसं गुडघे सांभाळतात. मी कर्वेनगरच्या एका कॉलेजात युद्ध, प्रचार आणि सिनेमा या विषयाचा शनिवारचा वर्ग लावला. वर्गात सगळी कोवळी पोरं. शिकवणाऱ्या बाईसुद्धा माझ्या मुलीपेक्षा लहान. पहिल्याच दिवशी मी हात वर करून सांगून टाकलं, "मी युद्ध पाहिलंय."

कुणी विचारलं नव्हतं.

तरी ऐकवलंच. एकाहत्तरची लढाई, पुणे स्टेशन, जवानांनी भरलेली गाडी, बायका खिडक्यांतून लाडू देताहेत आणि मी बाबांच्या खांद्यावर, हातात कागदी झेंडा. बाबा त्यानंतर फार जगले नाहीत. त्यांची माझ्यापाशी एवढीच आठवण आहे, हे मात्र वर्गात बोललो नाही. ती मी आयुष्यभर उशाशी घेऊन झोपत आलोय: धूर, हलणारे हात, आणि गाडी काही केल्या सुटत नाही.

पुढच्या शनिवारी बाईंनी खिडक्यांचे पडदे ओढले आणि एक जुनी सरकारी युद्धवार्ता लावली, पूर्वी थिएटरात सिनेमाच्या आधी दाखवायचे तसली. धूर पसरला. खिडक्या, लाडू, हात. आणि गर्दीत एका माणसाच्या खांद्यावर झेंडा हलवणारं पोर.

"तो मी!" मी उभा राहून ओरडलो. "आणि ते बाबा!"

टाळ्या पडल्या. बाईंनी चित्र मागे नेऊन थांबवलं आणि अगदी हळू म्हणाल्या, "काका, मागची पाटी वाचता का?"

पाटीवर पठाणकोट होतं.

मागच्या बाकावरून आवाज आला, "काका, रिक्षावाला तयार झाला तिकडे यायला?"

मीही हसलो. पण हसता हसता त्या माणसाकडेच बघत राहिलो. खांद्यावर बसलेल्याला खालच्याचं तोंड दिसतं कुठे? म्हणजे बाबांचा म्हणून जपलेला चेहरा ह्या गृहस्थांचा. मग माझ्यापाशी बाबांचं उरलं काय?

तिथून थेट नारायण पेठेत ताईकडे गेलो. ती मटार सोलत बसली होती.

"ताई, बाबांनी मला स्टेशनवर खांद्यावर घेतलं होतं ना गं?"

"स्टेशनवर कोण नेतंय तुला? हरवला असतास. आणि परत सापडलाही असतास."

"म्हणजे कधीच नाही घेतलं?"

"घेतलं की, थिएटरात. पिक्चरच्या आधी ते लढाईचं लागलं, त्यातलं पोर बघून तू भोकाड पसरलंस, मला पण खांद्यावर! बाबांनी घेतलं. मागचे बोंबलायला लागले. तुझ्या ह्या डोक्याची सावली सगळ्या पलटणीवर! शेवटी बाहेर काढलं आपल्याला. तो पिक्चर मी अजून पाहिलेला नाही." आणि तिनं मटारांचं ताट माझ्याकडे सरकवलं, जणू भरपाई म्हणून.

हल्ली दुपारी डोळे मिटले की गाडी येत नाही. अंधार असतो, डोक्यावरून जाणारा उजेडाचा झोत, त्यात तरंगणारी धूळ, आणि पुढे पठाणकोटच्या जवानांवर हलणारं एक भलंमोठं वाटोळं डोकं. बाबांचा चेहरा दिसत नाही. त्यांचे केस मात्र माझ्या दोन्ही मुठींत असतात, दाट, जरा राठ, आणि खालून आवाज येतो, "अरे, ओढू नकोस."

केसांबद्दल ताई काहीच बोलली नव्हती.