जाऊन ये
सॅनिटायझरचा तो गार, झोंबरा वास आला की मला न्यूझीलंडमधली, ख्राइस्टचर्चच्या आयसीयूतली एक दुपार आठवते. माझा फ्लॅटमेट सायकलवरून पडला होता आणि डोक्याला इतका मार लागला होता की तो शुद्धीवर येणार नव्हता. साताऱ्याहून आलेली त्याची आई एसीच्या गारठ्यात त्याचंच जाडजूड जॅकेट घालून उशाशी बसली होती. काकूंचं इंग्रजी बेताचं, म्हणून डॉक्टरांचं बोलणं मीच सांगितलं. "काकू, व्हेंटिलेटर काढल्यावर दीड तासात हृदय थांबलं, तरच किडन्या दुसऱ्याला देता येतील. जास्त वेळ लागला तर त्या खराब होतात." त्या म्हणाल्या, "त्याच्या लायसन्सवर 'डोनर' लिहिलंय ना? मग द्यायच्या." नळी काढली तेव्हा त्यांनी त्याच्या कपाळावरून हात फिरवला आणि सवयीने म्हणाल्या, "जाऊन ये हं, बाळा." बाहेर गरम वारा झाडं वाकवत होता. मी भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत होतो आणि माझा मित्र लवकर मरावा म्हणून वाट पाहत होतो. दीड तास झाला, तरी त्याचा श्वास चालूच होता. नर्सने येऊन हळूच सांगितलं की आता किडन्या घेता येणार नाहीत. तो संध्याकाळी गेला. "माझंच चुकलं," काकू म्हणाल्या, "मी 'ये' म्हटलं, म्हणून त्याचा पाय निघेना. नुसतं 'जा' म्हणायला हवं होतं." आता माझी मुलगी शाळेला निघताना 'बाय' म्हणते. 'येते' म्हणायला मी तिला अजून शिकवलेलं नाही.