त्रास हाताला, प्रश्न पोटाचा

मंडळी, दुपारपासून मनात भीती बसलीय. कोणाशी तरी बोलायचंय, म्हणून लिहितेय.

बाबांचा उजवा हात थरथरतो, म्हणून आज त्यांना परळला मेंदूच्या डॉक्टरांकडे नेलं. आईही सोबत होती. डॉक्टरबाईंनी बाबांना चालायला लावलं, हात तपासला आणि विचारलं, "पोट साफ होतं का?"

बाबा वैतागले. "अहो, त्रास हाताला आहे!"

आई म्हणाली, "बद्धकोष्ठ आहे हो यांना, कित्येक वर्षं. चूर्णाशिवाय चालतच नाही."

डॉक्टर म्हणाल्या, "हा पार्किन्सन्स आहे. थरथर सुरू व्हायच्या कितीतरी आधी काहींचं पोट बिघडतं. आतड्यातल्या जंतूंचा यात काही वाटा असावा असं वाटतं, पण नक्की अजून कोणालाच माहीत नाही. बद्धकोष्ठ असलेल्या बहुतेकांना हा आजार होत नाही. औषधं आजपासून सुरू करू."

पुढचं मला नीट ऐकूच आलं नाही. तेच चूर्ण मीही घेते, कॉलेजात असल्यापासून.

परतताना टॅक्सी लालबागच्या सिग्नलला थांबली, तेव्हा बाबा हळूच म्हणाले, "तुलापण पोटाचा त्रास आहे ना गं?"

"नाही बाबा, केव्हाच बरा झाला."

ते "बरं झालं" म्हणाले आणि डोळे मिटून बसले.

उद्या मी डॉक्टरांना गुपचूप फोन करणार आहे. 'बहुतेकांना होत नाही' हे स्वतःला सारखं बजावतेय, तरी भीती जात नाही. माझ्या जागी तुम्ही असता, तर बाबांना खरं सांगितलं असतं का?