सासूबाई डोंगरात आणि फोन बंद

मंडळी, आज जीव नुसता वरखाली होत होता. माझ्या सासूबाई आमच्या शेजारीण हेल्गाआजींबरोबर इटलीच्या समुद्रकाठच्या डोंगरवाटा चालायला गेल्यात. एकीला जर्मन येत नाही, दुसरीला मराठी.

दुपारपासून आईंचा मोबाईल लागेना. ऑफिसात मी सारखी मीटिंगमधून उठून फोन लावत होते. इथे जर्मनीत, बॉबलिंगेनला घरी आल्यावरही बसवेना.

संध्याकाळी एकदाचा फोन आला.

"अहो आई, होतात कुठे?"

"अगं, दरड कोसळून खालची वाट बंद झालेली. हेल्गा पार रडकुंडीला आली. मग तिचा हात धरून वरच्या वाटेनं गावात उतरवलं तिला. उद्या पुढचा डोंगर!"

फोन ठेवला, तरी मी येरझाऱ्या घालतेय. 'उद्या जाऊ नका' हे तोंडातून निघालंच नाही. तुम्ही म्हणाला असता का?